स्टार कासवाचं जॅकेट: पत्राची वाट पाहू नका, पिंजराही काढा

तुम्ही लिहिलंत: स्टार कासव घरात कोंडण्याविरुद्ध केलेल्या तुमच्या जॅकेटसोबत पणजीच्या प्रदर्शनात सगळ्यांनी सेल्फी काढले, खांद्यावरच्या तारेच्या पिंजऱ्याचं कौतुक केलं, पण कासवाबद्दल एकानेही विचारलं नाही. वर जप्त कासवांच्या फोटोंसाठी केलेला अर्ज पडूनच आहे. हे वाचून राहवेना, कारण या दोन्हींतून मी गेलेय.

कापड, शिवण तुम्हाला येतंच, ते सोडते. आधी अर्जाचं बोलू.

मी अर्ज केला त्या कचेरीचं नाव घेत नाही. ‘कॉलेजचं पत्र आणा’ म्हणाले. ते नेलं, तर प्रदर्शनाचं निमंत्रण हवं. आयोजक म्हणे, आधी परवानगी दाखवा. इनवर्ड नंबर सांगूनही कागद कुठल्या टेबलावर आहे ते कुणी सांगेना. जप्त प्राण्यांचे फोटो खटल्यात पुरावा असू शकतात, देता येत नसतील तर नको, ते मला मान्य होतं. पण तेवढं ‘नाही’ कळायला अख्खा पावसाळा गेला. तोवर छपाईची तारीख गेली, ॲडव्हान्सही बुडाला. वन्यजीव वाचवा म्हणून पोस्टर लावलेली भिंत, आणि तिच्याखाली बाकावर मी ताटकळतेय! आजही संताप येतो. तुम्ही थांबू नका, चित्र काढा. काळसर कवचावर किरणांसारख्या फुटणाऱ्या पिवळ्या रेषा सुक्या गवतात कासवाला लपवतात. फरशीवर त्याच रेषा त्याला उघडं पाडतात. जॅकेटच्या पाठीवर हे एवढंच पुरे.

पिंजरा मात्र काढाच, हे माझं ठाम मत. तो लोकांना दागिना वाटतो. तस्करीत ही कासवं चिकटपट्टीने गुंडाळून सामानात कोंबतात. तसा एक रुंद पट्टा दंडांवरून घ्या, हात वर जाणार नाहीत असा, आणि पुढे प्रेसबटण लावा. घालणारीने तो चारचौघांत उघडला की लोक विचारतातच. उत्तर अस्तरावर छापा: हे कोरड्या माळरानाचं कासव आहे, आपल्या दमट हवेत त्याला श्वसनाचे आजार होतात. २०१९ पासून साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. त्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षांची कैद आहे. मी वकील नाही, छापण्यापूर्वी जाणकाराला दाखवा.

कुणबी या गोव्याच्या पारंपरिक कापडावरच्या चौकडीच्या रेषा पिंजऱ्याचे गज म्हणून वापरायचा विचार तुम्ही लिहिलाय, तो मला पटला नाही. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिग्स यांनी ते कापड पुन्हा लोकांसमोर आणलं, पण मुळात ते शेतात राबणाऱ्या बायांच्या अंगावरचं. त्याचा तुरुंग कशाला करायचा? काहींना माझं हे म्हणणं अती वाटेल. अस्तराला वापरा, शोभेल.

जॅकेट पाहून कुणी ‘आमच्याकडेही एक आहे’ म्हणालं, तर रानात सोडायला सांगू नका. सह्याद्रीचं ओलं रान त्याचं घर नव्हे, आणि पाळीव प्राण्याचे रोग रानातल्यांना लागू शकतात. वन खात्याला कळवायला सांगा. आणि हो, कवचाचा उठाव पफ प्रिंटने, म्हणजे फुगणाऱ्या शाईच्या छपाईने, करणार असाल तर इस्त्री उलट्या बाजूने, नाहीतर सगळं सपाट होतं.