पहिल्यांदाच थिएटरात ‘सायको’ बघताय?

जुना थरारपट मोठ्या पडद्यावर बघायची सुरुवात ‘सायको’ने करताय, फार छान! सध्या एवढंच सांभाळा.

सगळ्यात आधी, वेळेपूर्वी पोचा. १९६० साली हा सिनेमा लागला तेव्हा खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, अशी दिग्दर्शक हिचकॉकची थिएटरांना सक्त ताकीद होती. ती योग्यच होती. सुरुवात चुकली तर पुढचा धक्का बसतच नाही.

- जाण्याआधी ट्रेलर, परीक्षणं, यूट्यूबवरची उकल, काही बघू नका. गोष्ट आधीच कानावर आली असेल तरी हिरमुसू नका. मी पाच-सहा वेळा पाहिलाय, तरी बाथरूमच्या प्रसंगात व्हायोलिनं किंचाळली की हात खुर्चीचा दांडा घट्ट धरतातच. बर्नार्ड हरमनने अख्खं संगीत फक्त तंतुवाद्यांवर केलंय, मोबाइलच्या स्पीकरवर ते कळत नाही.
- फोन बंद. सायलेंट नव्हे, बंद. कृष्णधवल अंधारात एका स्क्रीनचा उजेड मागच्या चार रांगांना खुपतो.
- नवखे हमखास करतात ती चूक म्हणजे खुनी ओळखायच्या नादात चेहरे बघायचेच राहतात. मोटेलच्या ऑफिसमागच्या खोलीत, पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या सावलीत नायिका आणि मोटेल चालवणारा तरुण बोलत बसतात, तिथे त्या तरुणाचं काम करणाऱ्या अँथनी पर्किन्सवरून नजर हलवू नका.

कॅमेरा, एडिटिंग वगैरे पुढच्या खेपेला बोलू. संपल्यावर मात्र लगेच पळू नका. बाहेर चहावर चर्चा रंगते, त्यात बिनधास्त बोला. आणि काय वाटलं ते मलाही नक्की कळवा.