वनस्पती तुपात कोलेस्टेरॉल नसते, मग रक्तातले कोलेस्टेरॉल कसे वाढते?

वनस्पती तुपाच्या पुड्यावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे छापलेले असताना डॉक्टर ते बंद करायला का सांगतात, असा आपला प्रश्न आहे. पुड्यावरचा मजकूर खोटा नाही, कारण कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असते आणि वनस्पती तूप तेलापासून बनते. गोम अशी की रक्तातले बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही. ते शरीर स्वतः तयार करते, आणि त्याचा निचरा किती होणार हे आपण कोणते स्निग्ध पदार्थ खातो यावर बरेच अवलंबून असते.

आमच्या घरी दिवाळीच्या चिरोट्यांचा साटा वर्षानुवर्षे डालड्याचाच असे. परातीत तळहाताने फेसला की तो लोण्यासारखा हलका, पांढराशुभ्र होई आणि पोळ्यांच्या थरांमध्ये टिकून राही. तेलाचा साटा केला असता तर तो पिठात मुरला असता. हा घट्टपणा आणण्यासाठी तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन सोडतात. ही क्रिया अर्धवट थांबवली की काही मेदाम्लांमधला (तेल-तूप ज्यांचे बनते त्या लांब रेणूंमधला) मूळचा बाक जातो आणि ती सरळ होतात. सरळ रेणू एकमेकांना खेटून बसतात, म्हणून तूप गोठते. हीच ट्रान्स मेदाम्ले, म्हणजे ट्रान्स फॅट.

शरीरात गेल्यावर त्यांचा त्रास दोन्ही बाजूंनी होतो. रक्तातले एलडीएल, म्हणजे धमन्यांच्या भिंतींत साचणारे कोलेस्टेरॉल, वाढते. आणि एचडीएल, ज्याला आपण चांगले कोलेस्टेरॉल म्हणतो, ते कमी होते. यामागचे एक कारण असे सांगितले जाते की एचडीएलमधले कोलेस्टेरॉल उचलून एलडीएलच्या गटातल्या कणांकडे पोहोचवणाऱ्या रक्तातील एका प्रथिनाचे काम ट्रान्स मेदाम्लांमुळे वाढते. साजूक तूप किंवा खोबरेल यांतली संपृक्त (सॅच्युरेटेड) मेदाम्लेही एलडीएल वाढवतात, परंतु एचडीएल खाली ओढत नाहीत.

हा फरक १९९० मध्ये नेदरलँड्समधील मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवून दिला. त्यांनी ५९ निरोगी माणसांना तीन प्रकारचे आहार प्रत्येकी तीन आठवडे दिले. फरक एवढाच की एकूण उष्मांकांपैकी सुमारे १० टक्के उष्मांक एकदा ओलेइक आम्लातून (ऑलिव्ह तेलात मुबलक असणारे असंपृक्त मेदाम्ल), एकदा ट्रान्स मेदाम्लांतून आणि एकदा संपृक्त मेदाम्लांतून मिळत होते. ओलेइक आम्लाच्या आहाराशी तुलना करता ट्रान्सच्या आहारावर एलडीएल डेसिलिटरमागे सुमारे १४ मिलिग्रॅमने वाढले आणि एचडीएल सुमारे ७ ने घटले. संपृक्त मेदाम्लांच्या आहारावर एलडीएल सुमारे १८ ने वाढले, पण एचडीएल जागच्या जागी राहिले. ट्रान्सची ही मात्रा रोजच्या खाण्याच्या मानाने बरीच मोठी होती हे खरे; तथापि पुढे कमी मात्रेच्या प्रयोगांतही बदलाची दिशा तीच दिसली.

आपल्या रिपोर्टच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा भाग बेरजेचा आहे. एक आकडा १४ ने वर आणि दुसरा ७ ने खाली गेला, तर ‘टोटल कोलेस्टेरॉल’मध्ये बदल लहानच दिसतो, आणि अनेक जण तेवढीच ओळ वाचून रिपोर्ट घडी करून ठेवतात (मीही ठेवत असे). एलडीएल आणि एचडीएल वेगवेगळे पाहावेत.

आता भारतात तेले आणि स्निग्ध पदार्थांतील ट्रान्स फॅटची मर्यादा जानेवारी २०२२ पासून २ टक्के आहे, त्यामुळे आजचे वनस्पती तूप आमच्या त्या चिरोट्यांच्या काळातले नाही. मात्र घट्टपणा कुठून तरी आणावाच लागतो, आणि तो आता बहुधा पाम तेलाच्या संपृक्त भागातून येतो. म्हणून खारी किंवा बिस्किटांच्या पुड्यावर ट्रान्स फॅटपुढे शून्य दिसले, तरी सॅच्युरेटेड फॅटचा आकडाही वाचावा. सुट्या खारीला लेबलच नसते, तिथे बेकरीवाल्याला ती कशात केली आहे हे सरळ विचारावे.