सिडनीतलं जुनं घर, मागचं अंगण आणि शिसं

ताई, तुम्ही नाशिकहून सिडनीला येताय, बाळ चौदा महिन्यांचं आहे, आणि फ्लॅट नको, मॅरिकव्हिल-न्यूटाउनकडे अंगण असलेलं जुनं घर भाड्याने हवंय. मेथी-कोथिंबीर लावायची, दोन कोंबड्या पाळायच्या. "तिथली माती तर स्वच्छच असेल ना?" असं तुम्ही विचारलंत. भाडं, पाळणाघर यांची माहिती तुम्हाला कुठेही मिळेल. मी फक्त मातीबद्दल लिहिते, कारण तिने माझी झोप उडवली होती.

आमचं इथलं पहिलं घर १९२०च्या सुमाराचं होतं. लाकडी खिडक्या, त्यांवर रंगाचे थरावर थर. लेक दीड वर्षाची. मी धुणं वाळत घालायचे तेव्हा ती खिडकीखाली बसून स्टीलच्या चमच्याने माती उकरायची. त्या मातीत नखाएवढे पांढरे पोपडे होते. मला वाटलं, चुन्याचे असतील. ते जुन्या रंगाचे होते. इथे १९७०च्या आधीच्या घरांत शिशाचा रंग सर्रास सापडतो. घर दाखवणाऱ्या एजंटने चकार शब्द काढला नव्हता.

शेजारणीने सांगितलं म्हणून माती तपासायला दिली. मॅक्वारी विद्यापीठात मार्क टेलर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये 'व्हेजसेफ' नावाचा उपक्रम सुरू केला. लोकांनी परसातली माती वाळवून पाठवायची आणि त्यांनी क्ष-किरणांच्या यंत्रावर तपासून तीत कुठला धातू किती ते कळवायचं. इथे घराच्या बागेसाठी शिशाची मर्यादा किलोमागे ३०० मिलिग्रॅम आहे. आमच्या खिडकीखाली निघालं ८६०, मागच्या कुंपणापाशी १४०. एकाच अंगणात एवढा फरक! रंग भिंतीलगत गळतो, आणि छपरावरची धूळही पावसाबरोबर तिथेच उतरते. म्हणून एका जागची माती पाठवून भागत नाही. त्यांनी तपासलेल्या सिडनीच्या घरांपैकी सुमारे ४० टक्के घरांत मर्यादा ओलांडलेली होती.

लेकीच्या रक्तात शिसं ६ आलं. इथे डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की कारण शोधायला सांगतात. डॉक्टरांनी आधी तिचं लोह तपासलं, कारण लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं. शरीराला शिसं कॅल्शियमसारखंच वाटतं, म्हणून ते हाडांत जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं राहतं. लहान मुलं मोठ्यांपेक्षा चार-पाचपट शोषतात, आणि त्रास होतो तो वाढत्या मेंदूला. मूल वरून अगदी ठणठणीत दिसतं, ताई. हेच मला सगळ्यात भयंकर वाटतं.

दुसरा वाटा पेट्रोलचा. शिशाचं पेट्रोल इथे २००२ मध्ये बंद झालं, आपल्याकडे २०००च्या सुमारास. पण मोठ्या रस्त्यांलगतच्या मातीत त्यातलं शिसं तसंच पडून आहे, कारण ते कुजत नाही की विरत नाही. हे जगाला ठणकावून सांगणारा माणूस भूरसायनशास्त्रज्ञ होता. क्लेअर पॅटरसनने शिशाच्या समस्थानिकांवरून, म्हणजे शिशाच्याच कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं असल्याचं १९५६ मध्ये मांडलं. ते मोजताना प्रयोगशाळेत जिथे-तिथे शिसं लुडबुडत होतं, म्हणून त्याने त्याचा माग काढला आणि पेट्रोलमधल्या शिशाविरुद्ध उभं आयुष्य भांडला. ब्रोकन हिल या ऑस्ट्रेलियन खाणीतल्या शिशाची अशीच वेगळी खूण असते. ती अंटार्क्टिकाच्या बर्फात १८८९पासून दिसते, म्हणजे दक्षिण ध्रुवावर माणूस पोहोचण्याच्या २२ वर्षं आधीपासून. या देशाची माती आपोआप स्वच्छ आहे हे मनातून काढून टाका.

कोंबड्यांचा विचार सध्या सोडा, असंच मी म्हणेन. २०२२ मध्ये सिडनीतल्या ५५ अंगणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरच्या अंड्यांत दुकानातल्या अंड्यांपेक्षा सरासरी ४० पट शिसं होतं. कोंबडी दिवसभर मातीच टोचते ना. अंड्यांसाठी मातीत शिसं किलोमागे ११७ मिलिग्रॅमच्या खाली हवं, असं त्या संशोधकांचं म्हणणं. मेथी-कोथिंबीर मात्र जरूर लावा, पण विकतची माती भरलेल्या उंच वाफ्यात, भिंतीपासून लांब. पालेभाज्या आणि मुळा-गाजराला माती चिकटते, त्या रगडून धुवा. टोमॅटो-वांग्यात शिसं फारसं उतरत नाही. चपला दाराबाहेर ठेवायची आपली सवय सोडू नका, फरशी ओल्या फडक्याने पुसा. नळाच्या पितळी भागांतूनही शिसं पाण्यात उतरतं, म्हणून सकाळी नळ अर्धा मिनिट सोडून मग पाणी भरा, आणि स्वयंपाकाला गार पाणीच घ्या.

आता सामानाचं. सासूबाई पितळी पातेली कल्हई करून देणार म्हणालात. कथलात शिसं मिसळलेलं असलं तर ते आमटीत उतरतं, म्हणून ती पातेली राहू द्या. बाळासाठी भस्म घातलेलं कुठलंही औषध आणू नका. नागभस्म म्हणजे शिसंच. सुटा शेंदूर आणि सुरमाही नको. हळदीतही रंगासाठी शिशाची भेसळ सापडते, म्हणून आणायचीच तर बिनपॉलिशची हळकुंडं आणा, आणि इथे उतरल्यावर विमानतळावरच्या प्रवासी कार्डावर ती लिहा.

भाडेकरारावर सही करण्याआधी घर बघायला जाल तेव्हा स्वयंपाकघर नंतर बघा. आधी मागे जाऊन खिडकीखाली वाका आणि मातीत पांढरे पोपडे दिसतात का ते बघा.