सोलापूरचं ओलं गोणपाट गोव्यात चालत नाही (ससे आणि मे महिना)

म्हापशाच्या ताईंनी काल लिहिलंय की दोन ससे आहेत, फ्लॅट तिसऱ्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर, दुपारी दोघं फरशीवर पाय ताणून पडतात, खाणं कमी झालंय, आणि कोणीतरी सांगितलं म्हणून बाल्कनीतल्या पिंजऱ्याला चारी बाजूंनी ओली चादर गुंडाळतायत, शिवाय कूलर घ्यावा का असं विचारतायत. मी एरवी नुसतं वाचून पुढे जाते, पण ती ओली चादर वाचली आणि राहवलं नाही. ताई, आधी चादर काढा. मग बाकीचं वाचा.

सावली, पाणी वगैरे सगळ्यांनी सांगितलंच आहे, ते परत लिहीत नाही. मी डॉक्टर नाही हेही आधीच सांगते, पंधराएक वर्षं ससे पाळतेय एवढीच माझी लायकी.

मी मूळची सोलापूरची, लग्न होऊन गोव्यात फोंड्याला आले. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर पाणी, माठाला ओलं फडकं, कुत्र्याच्या खोक्यावर ओलं गोणपाट. आजी हेच करायची आणि ते चालायचंच, कारण तिकडची हवा कोरडी. थर्मामीटरच्या बुडाला ओलं फडकं गुंडाळा, पाणी उडून जाताना पारा जिथवर खाली येतो तेवढंच तुमच्या ओल्या चादरीचं बळ. सोलापुरात ४० डिग्री आणि आर्द्रता २० टक्के असेल तर तो पारा २२ च्या आसपास येतो. आपल्याकडे ३४ डिग्री आणि आर्द्रता ७० टक्के धरली तर येऊन येऊन २९ वर थांबतो, तेही वारा असेल तर. म्हणजे तापमान सहा डिग्रीने कमी असूनही इथे ओलं करून मिळतं फारच थोडं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटायचं गोव्यात ३४ च तर आहे, आमच्याकडे ४२ असतं, इथे कसली काळजी!

२०१९ चा मे. आमच्याकडे टिकली आणि गोटू हे दोन ससे. गोटू जाड केसांचा, अंगानेही जरा जास्तच, बिस्किटं खाऊन (ती आमचीच चूक). पिंजरा मागच्या पडवीत. पुढचं घर कौलारू आहे पण मागे नंतर पत्रा घातलेला. त्या दिवशी साखळी गावात मुंज, रविवार, सकाळपासून लाइट नाही. निघताना मी मोठ्या हौसेने दोन गोणपाटं ओली केली आणि पिंजरा चारी बाजूंनी नीट गुंडाळला, फट राहू नये म्हणून वरून कपड्यांचे चिमटे पण लावले. चिमटे! आजही दोरीवर चिमटे लावताना आठवतं.

साडेतीनला परत आलो. गोणपाट अजून ओलंच होतं, तिथेच मला कळायला हवं होतं, कारण साडेचार तासात ते वाळलं नाही म्हणजे पाणी उडालंच नाही आणि थंडावाही झाला नाही. बाजूला केलं तर आतून इडलीपात्र उघडल्यासारखी वाफ आली. टिकली कोपऱ्यात, नाक भरभर हलतंय. गोटू आडवा, तोंड उघडं, हनुवटी लाळेने ओली. शेजारची बाय धावत आली आणि पहिलं हेच म्हणाली, "हांगा वारें जाय गो, उदक न्हय." (इथे वारा पाहिजे, पाणी नव्हे.) जन्मभर इथल्या उकाड्यात राहिलेल्या बाईला जे माहीत होतं ते मला माहीत नव्हतं आणि मी कधी विचारलंही नाही.

नंतर कधीतरी हट्टाने तीनेकशे रुपयांचा आर्द्रता दाखवणारा थर्मामीटर आणून रिकामा पिंजरा तसाच गुंडाळून पाहिलं. बाहेर पत्र्याखाली ३६, आत ३४ आणि आर्द्रता ९० च्या वर. दोन डिग्रीसाठी मी वारा बंद केला होता, आणि त्यात दोन जिवंत ससे म्हणजे त्यांच्या अंगाची उष्णता आणि श्वासाची वाफ वेगळी. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून निवताही येत नाही, त्याचा सगळा भरवसा कानांवर आणि थोडा श्वासावर. कानातल्या शिरा फुगतात, रक्त तिथे येऊन निवतं. पण त्यासाठी कानाभोवतीची हवा खेळती पाहिजे, आणि श्वासातून उष्णता जायला ती कोरडी पाहिजे. मी दोन्ही बंद करून ठेवलं होतं.

आता दवाखान्याचं. नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही, आणि तिथले लोक आता बदललेही असतील. पहिला फोन, "ससे आम्ही बघत नाही." बरं, कोण बघतं? "माहीत नाही." दुसरीकडे आधी म्हणाले आणा, मग पत्ता विचारला तर म्हणाले आज रविवार, सोमवारी दहानंतर या, तोवर बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवा. हा सल्ला! तापलेल्या सशाला एकदम बर्फात घातलं तर धक्क्यानेच जायचा, कातडीजवळच्या शिरा आकसतात त्या वेगळ्याच. मी ते केलं नाही, पण हो-नाही करत, परत फोन लावत, कुणाकुणाला विचारत वीस-पंचवीस मिनिटं घालवली. शेवटी पणजीकडे एक जण बघतात असं कळलं म्हणून गाडी काढली. गोटू बाणस्तारीच्या पुलाच्या अलीकडेच गेला. टिकली वाचली, २०२४ पर्यंत होती.

म्हणून ताई, पहिलं काम, आज, सगळं शांत असतानाच चार ठिकाणी फोन करा. "ससे बघता का" असं विचारू नका, हो म्हणून टाकतात. विचारा, मागच्या महिन्याभरात ससा पाहिलाय का आणि रविवारी कोण असतं. आणि कोणी तोंडावाटे अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर तिथूनच परत फिरा. कुत्र्यामांजराला ते चालतं, सशाच्या आतड्यातले चांगले जिवाणू त्याने मरतात आणि ससा त्यात जाऊ शकतो. हे विषयांतर आहे पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कूलर नको. तो पाण्यावरच चालतो, बंद खोलीत लावलात तर माझं गोणपाटच, फक्त विजेवर चालणारं. एसी असेल तर २५-२६ वर किंवा ड्राय मोडवर, दुपारी बारा ते पाच तेवढा, थेट अंगावर झोत नको. एसी नसेल तर खालच्या फरशीचा विचार करा. ससा मुळात बिळात राहणारा प्राणी, आपण पाळतो त्यांचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, ऊन झालं की जमिनीत शिरणारे. (पोर्तुगीज १९६१ ला गेले, त्यांच्याकडचा ससा मात्र आपल्या पडवीत घामाशिवाय घामाघूम.) त्याला खाली थंड जमीन आणि डोक्यावर आडोसा पाहिजे, उंचावर टांगलेला पिंजरा नको. आमच्याकडे आता ससे दुपारी न्हाणीघराबाहेरच्या बोळात असतात, तिथे कडप्पा आहे आणि दोन्हीकडून वारा. फुटका माठ आडवा ठेवलाय, त्यात जाऊन बसतात. जादाच्या दोन टाइल्स फ्रीजमध्ये ठेवते आणि आळीपाळीने टाकते.

बाटल्यांची युक्ती खरंच चालते. लिटरच्या प्लास्टिक बाटल्या पाऊण भरून फ्रीजरमध्ये, जुन्या टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्याच्या एकाच बाजूला ठेवायच्या म्हणजे नको असेल तर सशाला दुसरीकडे सरकता येतं. तीन-चार तासांनी बदलायची. मी सहा ठेवते, तीन आत तीन बाहेर. लाइट गेली तरी गोठलेली बाटली काही तास तग धरते, आणि मेमध्ये पावसाआधीच्या कामांसाठी शटडाऊन असतातच, आदल्या दिवशी पेपरात येतं, तेवढं बघत जा. प्लास्टिक कुरतडतात, टॉवेल जाड घ्या.

पंखा सशाला निरुपयोगी असं बरेच जण लिहितात. मला पूर्ण पटत नाही. त्याचं अंग ३९ च्या आसपास, हवा ३३, म्हणजे वारा कानावरून गेला की थोडी उष्णता घेऊन जाणारच. आधी कान ओल्या हाताने पुसायचे, मग लांबून पंखा. कान ओले करणं आणि अख्खी हवा ओली करणं यात फरक आहे, माझी सगळी चूक त्यातच होती. पण नुसत्या पंख्यावर विसंबू नका, ३५ च्या वर तो गरम हवाच फिरवतो.

पाणी नळीच्या बाटलीतून देत असाल तर जड वाडगं ठेवा, वाडग्यातून जास्त पितात. दूर्वा, कोथिंबीर, पुदिना धुवून तसाच ओला द्या. कलिंगडाची फोड अंगठ्याएवढी, जास्त नको. लिंबूसरबत, ग्लुकोज पाजायच्या भानगडीत पडू नका. सुकं गवत डब्यात झाकून ठेवा, आपल्या हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही, पावसात तर विचारूच नका. गळणारे केस रोज विंचरून काढा, पण अंग भादरू नका.

आता पाय ताणून पडण्याचं. त्याने घाबरू नका, आमची टिकली डिसेंबरातही तशीच पडायची. श्वास बघा. नाक भरभर चालतंय पण तोंड बंद आहे, कान गरम आहेत, तर लगेच आत घ्या आणि कान पुसा. तोंड उघडं, लाळ, चालताना झोकांड्या, म्हणजे निघायची वेळ झाली. ससा नाकानेच श्वास घेतो, तोंड उघडलं म्हणजे प्रकरण हाताबाहेर चाललंय. साध्या नळाच्या पाण्याने कान आणि पंजे ओले करत, गाडीचा एसी लावून, फोन गाडीत बसल्यावर. तोंडात पाणी ओतू नका, फुप्फुसात जातं.

तुम्ही खाणं कमी झालंय लिहिलंय, मला त्याचीच जास्त काळजी वाटते. किती कमी? लेंड्या पडतायत का, नेहमीएवढ्या मोठ्या की बारीक? दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही आणि लेंडी नाही तर आतडी थांबलेली असू शकतात, त्यासाठी सोमवारची वाट बघायची नसते. वरच्या मजल्याचा स्लॅब संध्याकाळी सहा ते नऊ सगळ्यात जास्त तापलेला असतो, दुपार निभावली म्हणून सुटकेचा सुस्कारा टाकू नका. बाल्कनी पश्चिमेला आहे का तेवढं सांगा. तशी असेल तर पिंजरा आजच आत घ्या, दोघांना बाथरूमच्या कोरड्या फरशीवर सोडलंत तरी चालेल, आणि लेंड्यांचं रात्री कळवा.