ऑटोट्यून केलेले गाणे आणि फोटोशॉप केलेला फोटो यांना अस्सल म्हणता येईल का?

आपल्या प्रश्नाचा आशय असा की, ऑटोट्यूनने सूर नीट केलेले गाणे आणि संगणकावर डाग पुसलेला फोटो या दोन्ही गोष्टी सरसकट फसवणूक समजाव्यात का, आणि तसे असेल तर अस्सल म्हणावे असे आज काही उरले आहे का. मी पुण्यात ध्वनिमुद्रणाचे काम करतो आणि आमच्या घरचा व्यवसाय फोटो स्टुडिओचा होता, त्यामुळे दोन्ही बाजू थोड्याफार जवळून पाहिल्या आहेत. माझे मत आधीच सांगतो. फेरफार झाला की नाही, एवढेच विचारत बसलो तर काहीच हाती लागत नाही, कारण तो बहुतेक ठिकाणी झालेलाच असतो. समोरची वस्तू आपल्याला काय म्हणून दिली जात आहे, ते पाहावे.

फेरफार संगणकाबरोबर आला, हा समज चुकीचा आहे. छायाचित्रकार ऑस्कर रेलँडर यांनी 1857 साली तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच भव्य चित्र छापले होते. आपल्याकडच्या स्टुडिओंतही रिटचिंग हे रोजचे काम होते. निगेटिव्हवर सुरकुती ही पारदर्शक रेघ म्हणून दिसते. त्या जागी आधी रिटचिंगचे द्रावण पुसून मग टोकदार पेन्सिलीने बारीक ठिपके भरले, की तेवढ्यापुरता प्रकाश अडतो आणि कागदावर सुरकुती पुसट उमटते. लग्नाच्या स्थळांसाठी काढलेल्या फोटोंतील पुरळ आणि व्रण असेच नाहीसे होत असत, आणि मुलगी पाहायला येणाऱ्यांनाही ते ठाऊक असे. फोटोशॉप बाजारात आले 1990 साली; त्याच्या आठ वर्षे आधी, फेब्रुवारी 1982च्या अंकासाठी, नॅशनल जिओग्राफिकने गिझाचे पिरॅमिड उभ्या मुखपृष्ठावर बसावेत म्हणून संगणकाने एकमेकांजवळ सरकवले आणि त्यावरून मोठी टीका ओढवून घेतली. पिरॅमिड जागचे हलले हा भाग तसा किरकोळ होता. जग जसे आहे तसे दाखवणारे म्हणून वाचक त्या नियतकालिकाकडे पाहत होते, म्हणून तो सल मोठा ठरला.

संगीतातही हेच आहे. गायिका गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण 1902 साली कलकत्त्यात झाले, तेव्हा तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत होती; तासभर चालणारा ख्याल एवढ्यात बसवायचा म्हणजे काय काय गाळावे लागले असेल, याची कल्पना करावी. पुढे फिती आल्या आणि कापणे-जोडणे सुरू झाले. पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी 1964 साली जाहीर कार्यक्रम थांबवले आणि नंतर संगीतकार बाखच्या एका फ्यूगसाठी (एक पाश्चात्त्य रचनाप्रकार) आपण सहावा आणि आठवा टेक, म्हणजे मुद्रणाचा प्रयत्न, कसा जोडला, हे स्वतःच लिहून प्रसिद्ध केले. त्यांच्यावर लबाडीचा आरोप टिकत नाही, कारण त्यांनी ते मैफल म्हणून विकले नव्हते. उलट, ज्याला आपण थेट गाणे म्हणतो ते सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात मागच्या बाजूला बसलेल्या श्रोत्याला मिक्सर आणि ध्वनिक्षेपक यांतून गेलेलेच ऐकू येते, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसते.

ऑटोट्यूनबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण त्याच्याविरुद्धचा नेहमीचा आक्षेप मला अपुरा वाटतो. ते 1997 साली आले. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी भूगर्भातील तेलसाठे शोधण्यासाठी ध्वनिलहरींचे पृथक्करण करत होते. ही प्रणाली गाणाऱ्याच्या आवाजाची कंपनसंख्या मोजते आणि निवडलेल्या सप्तकातील जवळच्या सुरावर तो आवाज सरकवते. आता प्रश्न असा की, जवळचा सूर कोणता? विशेष काही न बदलता वापरले तर तो सूर पेटीच्या पट्ट्यांसारखा, सप्तकाचे बारा समान भाग पाडून ठरवलेला असतो, आणि त्यात शुद्ध गंधार षड्जापासून 400 सेंटवर येतो (अशा एका भागाचे शंभर सेंट धरतात). नीट जुळलेल्या तंबोऱ्यातून जो स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा, गंधार ऐकू येतो तो सुमारे 386 सेंटवर असतो. म्हणजे गायिकेने कान लावून तंबोऱ्याशी अगदी मिळालेला गंधार लावला, तर यंत्र तो बेसूर समजून 14 सेंट वर ढकलते, आणि मागे तंबोरा वाजत असतानाच तो चढा ऐकू येऊ लागतो. मींडेची अवस्था आणखी वाईट होते: दोन स्वरांमधल्या सलग घसरणीच्या पायऱ्या पडतात, आणि दरबारी रागातल्या आंदोलित, म्हणजे झुलत्या, गंधारावर तर ही स्वयंचलित दुरुस्ती लावूच नये. म्हणून आम्ही रागसंगीतात, करायचेच झाले तर, एकेक स्वर पडद्यावर पाहून हाताने हलवतो. भावगीत किंवा चित्रपटगीत हे मुळातच स्टुडिओत, तुकड्यातुकड्यांनी, पंच करत, म्हणजे चुकलेला तुकडा तेवढाच पुन्हा गाऊन भरत, घडवलेले असते. तिथे सूर नीट करण्याला माझी हरकत नाही.

हरकत आहे ती वेगळ्या ठिकाणी. ऑनलाइन गायनस्पर्धांच्या प्राथमिक फेरीसाठी पालक मुलांना घेऊन येतात, नाट्यगीत मुद्रित होते, आणि जाताना हळूच विचारणा होते, “दादा, जरा पिच करून, म्हणजे सूर नीट करून, द्याल ना?” मी देत नाही. तिथे ते ध्वनिमुद्रण म्हणजे मुलाच्या गळ्याचा दाखला आहे. अल्बमसाठी हेच काम मी विनासंकोच केले असते. वृत्तछायाचित्राचा नियमही असाच कडक आहे, आणि असावा. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जानेवारी 2014 मध्ये एका पुरस्कारप्राप्त छायाचित्रकाराशी संबंध तोडले, कारण त्याने सीरियातील एका फोटोच्या कोपऱ्यात आलेला सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा पुसला होता. फोटोतील सैनिक खरा होता आणि प्रसंगही खरा होता. शिक्षा मला योग्यच वाटते, कारण कोपऱ्यातला कॅमेरा पुसलेला चालतो म्हटले की पुढच्या फोटोत काय पुसले असेल, हे वाचकाला कळण्याचा मार्ग राहत नाही.

मोबाइलमुळे यात एक नवी अडचण आली आहे, ती म्हणजे फेरफार करणाऱ्यालाच त्याचा पत्ता नसतो. मार्च 2023 मध्ये एकाने चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर लावून एका नामांकित फोनने त्याचा फोटो काढला, तर मूळ चित्रात नसलेले बारकावे फोटोत उमटले. कोजागिरीला गच्चीवरून काढलेला फोटो घरच्या ग्रुपवर टाकायला त्याने काही बिघडत नाही. तोच निरीक्षणाची नोंद म्हणून खगोलमंडळाकडे पाठवता येणार नाही.

व्यवहारात पाहायचे तर, अल्बमवर ‘मैफलीचे थेट ध्वनिमुद्रण’ असे छापले असेल तर त्याला ती कसोटी लावावी, नसेल तर लावू नये. छायाचित्रस्पर्धांत संशय आल्यास कॅमेऱ्यातील मूळ फाइल मागतात. गायनस्पर्धांच्या आयोजकांनीही एकाच टेकचे, न कापलेले मोबाइल चित्रीकरण मागावे, आणि तंबोरा गायकाशेजारी वाजत असावा अशी अट घालावी, कारण आवाज आणि तंबोरा एकाच माइकवर मुद्रित झाले की नुसता आवाजाचा सूर हलवणे बरेच कठीण होते आणि हलवलाच तर तंबोराही सोबत डळमळतो.