भीती वाटली म्हणून कॅन्सर परत येत नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. मखमलाबादला आमची द्राक्षबाग आहे. माझं वय ४८. दीड वर्षापूर्वी गालाच्या आत कॅन्सर निघाला. परळला टाटा हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. तंबाखू तेव्हापासून बंद आहे. प्रत्येक तपासणीत डॉक्टर सांगतात, सगळं व्यवस्थित आहे. तरी तारीख जवळ आली की आठ-दहा दिवस आधीच झोप उडते. पंचवटी एक्स्प्रेस इगतपुरी सोडून घाट उतरायला लागली की छातीत धडधडतं, घाम फुटतो, आता जीव जातो असं वाटतं. घरी दिवसातून कितीतरी वेळा मोबाइलची बॅटरी लावून आरशात तोंड बघतो. बागेत मन लागत नाही, फवारणी कधी केली तेही आठवत नाही. बायको म्हणते, वाईट मनात आणू नका, विचारानंच दुखणं उलटतं. त्यामुळे आता घाबरायचीही भीती वाटते. कधी रात्री वाटतं, रोजच्या या मरणापेक्षा एकदाचं संपलेलं बरं. मी इतक्या कच्च्या मनाचा कसा झालो? – एक बागाईतदार, मखमलाबाद

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रातली ‘एकदाचं संपलेलं बरं’ ही ओळ मी सगळ्यात आधी घेते. हा विचार नुसता येऊन जातो, की तसं काही करावं असंही मनात ठरतंय? मी तुम्हाला थेट विचारते आहे आणि वहिनींनीही आजच थेट विचारावं. विचारल्यामुळे असलं काही कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट कोंडलेल्या माणसाला बोलायला वाट मिळते. फवारणीच्या औषधांची खोली कुलूप लावून ठेवा आणि किल्ली सध्या वहिनींकडे राहू द्या. लागेल तेवढं औषध त्या काढून देतील. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. फोन फुकट लागतो, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. विचार जोर करायला लागला तर सकाळ व्हायची वाट बघू नका. वहिनींना उठवा, फोन लावा, नाहीतर त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात जा. एकटे मात्र जाऊ नका.

आता वहिनींच्या म्हणण्याकडे येते. विचारानं दुखणं उलटत नाही. नुसता धीर द्यायचा म्हणून मी हे बोलत नाही. डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या, म्हणजे तुमच्याच आजाराच्या गटातल्या १,०९३ रुग्णांचा अमेरिकेतला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार सुरू होताना त्यांची मनःस्थिती कशी होती याची नोंद ठेवली होती आणि पुढे कोण किती जगलं हे पाहिलं होतं. मनाने उभारी असलेले आणि मनाने खचलेले यांच्या आयुष्यात फरक निघाला नाही. तेव्हा रात्री दोन वाजता भीती वाटली म्हणून तुम्ही आजाराला बोलावणं धाडलं, असं होत नाही. आजार उलटू नये म्हणून तुमच्या हातात जे होतं ते तुम्ही करता आहात. तंबाखू सोडलीत आणि तपासणीची तारीख चुकवत नाही. या दोन्हीला खरंच वजन आहे.

मी आधी रेडिएशन विभागात परिचारिका होते, नंतर समुपदेशनाकडे वळले. भेटायला आलेली माणसं ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणून निघून जातात आणि आजारी माणूस त्यानंतर तोंड मिटून घेतो, हे मी फार पाहिलं आहे. म्हणणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की घाबरलेलं चालणार नाही. मला या वाक्याचा मनापासून राग आहे.

तुम्ही कच्च्या मनाचे झालेला नाहीत. ९४ अभ्यास एकत्र करून २०११ मध्ये मांडलेल्या एका आढाव्यानुसार, रुग्णालयात कॅन्सरचे उपचार घेणाऱ्यांपैकी साधारण तिघांत एकाला नैराश्य, चिंता किंवा आजाराशी जुळवून घेतानाचा त्रास इतका असतो की त्याला निदान करण्याजोगा विकार म्हणावं. त्यातल्या अनेकांचा त्रास उपचार संपल्यावर वर येतो. उपचार चालू असताना दिवस बांधलेला असतो. रेडिएशनचे जवळजवळ सहा आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज नंबर लावायचा, तोंड सोलवटलेलं असताना पातळ पेज गिळायची, पुन्हा दुसऱ्या दिवशी जायचं. तेव्हा घाबरायलाही सवड नसते. मग एक दिवस सांगतात, आता तीन महिन्यांनी या. घरचे पेढे वाटतात आणि तुम्ही एकटेच त्या तीन महिन्यांकडे बघत बसता. एकदा गारपिटीत बाग झोपली की पुढची कितीतरी वर्षं साधा ढग आला तरी बागाईतदार रात्री उठून बाहेर येतो. तुमचं शरीर तेच करतं आहे.

शिवाय ही भीती बिनबुडाची आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. पहिल्या दोन वर्षांत आजार उलटण्याची शक्यता जास्त असते, म्हणून तर या काळात तपासण्या जवळजवळ ठेवतात. पुढे अंतर वाढत जातं. भीती मुळासकट जावी हा हट्ट सोडा. तिने तुमची बाग, जेवण आणि झोप खाऊ नये, एवढ्यासाठी आपण धडपडू.

सुरुवात आरशापासून करा. दर वेळी तोंड पाहिलं की घटकाभर बरं वाटतं आणि तासाभरात पुन्हा पाहावंसं वाटतं. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन झालेलं तोंड रोज थोडं वेगळं दिसतंच. कधी कोरडं, कधी लालसर, कधी दाताने चावलेलं. इतक्यांदा पाहिलं तर काहीतरी सापडणारच. महिन्यातून एक दिवस ठरवा, सकाळच्या उजेडात, दात घासून झाल्यावर, वहिनींना शेजारी घेऊन नीट पाहा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, नवा पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत हाताला लागणारी गाठ, रक्त येणं, कान दुखत राहणं, गिळायला त्रास, तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडणं, यातलं काही असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता हॉस्पिटलला कळवा. मधल्या दिवसांत या यादीबाहेरचं काही स्वतःहून जाणवलं तर कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि दोन आठवडे झाल्यावरच पुन्हा बघा. पहिला आठवडा जड जाईल. हात आरशाकडे जाईल तेव्हा बागेत चक्कर मारा, कुणाशी तरी बोला. ती ओढ थोड्या वेळाने आपोआप ओसरते, हे तुम्हाला तंबाखू सोडताना कळलेलं आहेच. आणि या दिवसांत तंबाखूची तल्लफ पुन्हा आली तर १८०० ११ २३५६ या तंबाखूमुक्तीच्या फुकट क्रमांकावर बोला.

घाटात जे होतं त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. फार भयंकर वाटतं, पण काही मिनिटांत कळस गाठून ते उतरतं. मात्र छातीतली धडधड आहे म्हणून एकदा ईसीजी आणि रक्तदाब बघून घ्या, म्हणजे हृदयाची शंका राहणार नाही. गाडीत धडधड सुरू झाली की मोठा श्वास ओढू नका, त्याने चक्कर वाढते. श्वास सावकाश बाहेर सोडा, आत घेतलात त्याच्या दुप्पट वेळ लावून. पाय बुटांत घट्ट रोवा. मग खिडकीबाहेर लक्ष लावा आणि जाणाऱ्या स्टेशनांच्या पाट्या वाचत राहा. कसारा, खर्डी, आटगाव, आसनगाव. टिटवाळा येईपर्यंत शरीर बरंचसं खाली आलेलं असेल. प्रवासाला एकटे जाऊ नका. डॉक्टरांना विचारायचं ते आदल्या दिवशी कागदावर लिहून न्या, कारण त्या खोलीत शिरल्यावर निम्मं आठवत नाही.

तुम्ही विसरता, मन लागत नाही, यामागे भीतीखेरीज आणखी एक कारण असू शकतं. मानेवर रेडिएशन झालं की थायरॉइडचं काम मंदावू शकतं. त्याने थकवा येतो, उदास वाटतं, विसरायला होतं. म्हणून टीएसएच ही रक्ततपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करतात. तुमची झाली आहे का ते फाइलमध्ये बघा. झाली नसेल तर या खेपेला डॉक्टरांना विचारा.

टाटात मानसोपचार विभागही आहे. त्याच फेरीत तिथे दाखवता येईल. नाशकातच हवं असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ भेटतात. तुम्ही लिहिलं आहे ते पाहता मी तुम्हाला ‘बघू, वाटलं तर जा’ म्हणणार नाही. या आठवड्यातच जा. गोळ्या दिल्या तर नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, तोवर धीर ठेवा. मेडिकलवाल्याकडून परस्पर झोपेची गोळी मात्र आणू नका, तिची सवय लागते.

वहिनींना माझा निरोप द्या. ते घाबरले की ‘काही होत नाही’ म्हणू नका. शेजारी बसा आणि विचारा, ‘आत्ता कशाची भीती वाटतेय?’ उत्तर ऐकून लगेच समजूत घालायला जाऊ नका. आणि वहिनी, तुम्हीही घाबरलेल्या आहात. तुमचं ऐकून घेणारं, बहीण म्हणा, मैत्रीण म्हणा, कुणीतरी एक माणूस शोधाच.

प्रश्न : आईला (वय ६७) अंडाशयाचा कॅन्सर आहे, केमो चालू आहे. मामा आणि दादांनी ठरवलंय की तिला सांगायचं नाही. ती मला एकटीला गाठून विचारते, ‘खरं सांग, मला काय झालंय?’ केमोनंतर दोन-तीन रात्री ती झोपत नाही, चिडचिड करते. – एक मुलगी, नाशिकरोड

उत्तर : केस गेलेत, केमो देतात त्या विभागाच्या दारावरची पाटी ती वाचते, शेजारच्या खुर्चीवरच्या बाईशी बोलते. आईला बरंचसं कळलेलं असणार. घरातले सगळे गप्प आहेत म्हणून ती एकटी पडली आहे. पुढच्या वेळी विचारेल तेव्हा तिलाच विचार, ‘तुला काय वाटतं, आई? तुला किती कळायला हवं आहे?’ काहींना सगळं हवं असतं, काही म्हणतात, तुम्हीच बघा. तिने थेट विचारलं तर खोटं बोलू नकोस. जेवढं विचारेल तेवढंच, थोडं थोडं सांग. मामांना आणि दादाला डॉक्टरांसमोर बसव, आईला कसं सांगायचं ते डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू दे. कुणाला काय द्यायचं, कुणाला भेटायचं, हे तिचं तिला ठरवू दे. तो तिचा हक्क आहे.

झोपेचं वेगळं. केमोसोबत उलटी होऊ नये म्हणून बहुधा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. त्याने झोप जाते, चिडचिड होते. ते तिच्या कागदावर आहे का बघ आणि घरी घ्यायची गोळी सकाळी देता येईल का, ते डॉक्टरांना विचार. स्वतःहून गोळी बंद करू नकोस.

प्रश्न : स्तनाच्या कॅन्सरनंतर तो परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे. मनाच्या गोळ्या घेतल्या तर चालतील का? – शिक्षिका, इंदिरानगर

उत्तर : चालतात, पण सगळ्याच नाहीत. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन या गोळ्यांमुळे टॅमॉक्सिफेनचं शरीरात कामाच्या औषधात होणारं रूपांतर अडतं, म्हणून त्या शक्यतो टाळतात. ज्यांची अशी अडचण कमी आहे अशा दुसऱ्या गोळ्या आहेत. व्हेनलाफॅक्सिन त्यातलीच एक, आणि तिने अंगातून येणाऱ्या गरम वाफाही अनेकींच्या कमी होतात. रात्री त्या वाफांनी जाग येत असेल तर तेही सांगा, कारण मोडलेल्या झोपेने चिंता वाढते. मानसोपचारतज्ज्ञांना टॅमॉक्सिफेनची चिठ्ठी दाखवा, कॅन्सरच्या डॉक्टरांना मनाच्या गोळीची. कुठलीही जुनी गोळी चालू असेल तर एकदम थांबवू नका, ती हळूहळू बदलावी लागते.