तर्री झोंबते, पण चव कुठे गेली?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी इतवारीतला, वय 58. मार्चमध्ये ताप-सर्दी झाली तेव्हापासून वास येणंच बंद झालं, नाक मोकळं आहे तरी. रविवारी तर्री पोहे खाल्ले, जीभ भाजली, डोळ्यात पाणी आलं, नाक वाहिलं, पण चव म्हणाल तर ओला पुठ्ठा चावल्यासारखं. सावजीत (झणझणीत रश्श्याच्या खानावळीत) गेलो तर तिथंही तेच. चव गेली तर मंग तिखट कसं लागते बाप्पा? आणि यंदा पहिला पाऊस पडला तर मातीचा वास नाही, वाटलं टीव्हीवरचा पाऊस पाहून राहिलो. पोरगा म्हणते, बाबा, चव न् वास सगळं डोक्यातच असते, बाहेर काहीच नसते. खरं आहे का हे?
– एक वाचक, इतवारी, नागपूर

उत्तर : काका, तुमची जीभ ठणठणीत आहे, गेलं ते नाक. जिभेला फक्त गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (टोमॅटो-मशरूमची असते तशी भरदार चव) एवढंच कळतं, बाकी आपण ज्याला चव म्हणतो त्यातलं बरंचसं खरं म्हणजे वास असतो, घास चावताना घशाच्या मागून वर नाकात जाणारा. घरी कोणालाही करून बघायला सांगा, नाक घट्ट दाबून संत्रा बर्फीचा तुकडा तोंडात टाकायचा, नुसतं गोड लागेल, आणि नाक सोडलं की एकदम संत्रं येतं. वास ओळखणारे रिसेप्टर, म्हणजे पेशींवरचे खबरे, माणसाच्या नाकात साधारण 400 प्रकारचे असतात, लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या शास्त्रज्ञांनी 1991 मध्ये त्यांचे जीन शोधले, 2004 ला नोबेल मिळालं. सावजीचा मसाला म्हणजे खसखस, दगडफूल, भाजलेलं खोबरं, हे सगळं त्या 400 जणांचं काम, आणि तुमच्याकडे सध्या तेच संपावर आहेत.

आता तिखट. तिखट ही चवच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं तो मुळात चटका कळवायला ठेवलेला आहे, तो एरवी 43 डिग्रीच्या आसपास उघडतो. मे महिन्यात बर्डीवर उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरच्या सीटवर बसल्यावर जे होतं ना, तेच दार मिरची उघडते, म्हणून मेंदूला वाटतं तोंड भाजलं, थर्मामीटर लावला तर काही नाही. (म्हणूनच गरम रस्सा गार रश्श्यापेक्षा जास्त झोंबतो, दोघं मिळून एकच दार ढकलतात. आणि वरून पाणी पिऊन उपयोग नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, दही घ्या.) हे डेव्हिड ज्यूलियसच्या लॅबने 1997 ला शोधलं, त्यांना 2021 चं नोबेल मिळालं. ही खबर नेणारी नर्व्ह वेगळी, चेहऱ्याच्या स्पर्शाची आणि दुखण्याची, ती शाबूत आहे म्हणून तुमचं नाक वाहतं पण वास येत नाही. गंमत म्हणजे आयुर्वेदाच्या षड्रसात तिखट धरलंय, त्याचं नाव कटु, आणि आपण मराठीत तोच शब्द घासून घासून कडू केला आणि कारल्याला देऊन टाकला!

पोरगा अर्धा बरोबर आहे. बाहेर काहीच नसतं हे चूक, कॅप्सेसिन मिरचीत आहेच, कोणी खावो न खावो. पण पोपट बघा, हिरवी मिरची मजेत सोलून खातो, कारण पक्ष्यांचा तो रिसेप्टर कॅप्सेसिनला दादच देत नाही, म्हणजे मिरची तीच पण पोपटाच्या जगात ती तिखट नाहीच. तिखटपणा मिरची आणि तुम्ही भेटता तेव्हा तयार होतो. मातीच्या वासाचंही तसंच. जमिनीतले जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य बनवतात, थेंब आपटला की ते बारीक तुषारांतून हवेत उडतं, आणि माणसाचं नाक ते इतकं कमी असतानाही पकडतं की विचारू नका. यंदाही ते इतवारीत उडालंच असणार, तुमच्या खिडकीपर्यंत आलंही असणार. पाऊस खोटा वाटला याचं मला नवल नाही वाटलं, कारण वासाची वाट मेंदूत आठवणी आणि भावनांच्या भागाला फार लवकर भेटते, डोळे-कान थोडे फिरून जातात. तुम्ही पाऊस पाहिला, ऐकला, पण 57 पावसाळ्यांशी जोडणारी तारच लागली नाही.

आता कामाचं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, चार महिने झालेत, आता थांबू नका. नाकातल्या वासाच्या पेशी नव्याने येतात हे नशीब, डोळ्याच्या पडद्याचं तसं नसतं. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग रोज सकाळ-संध्याकाळ लक्ष देऊन हुंगायचं, निदान तीन महिने, यानं बऱ्याच जणांना फरक पडलाय. वास परत येताना चहा-कॉफी सडक्यासारखी वाटली तर घाबरू नका, जोडण्या नव्याने लागताना असं होतं. आणि सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम घाण वास मिसळतात, तो तुम्हाला येणार नाही. तेव्हा घरी एकटे असताना रेग्युलेटर बंद ठेवा, काकू रागावल्या तरी चालेल.

प्रश्न : मे महिन्यात बाहेरून आलं की कूलरसमोर स्वर्ग वाटायचा, अर्ध्या तासात वाटायचं बंद पडला का काय. आई म्हणायची चालूच आहे!
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : कूलर चालूच होता गं. कातडी बदल कळवते, आकडा नाही. एक हात गरम पाण्यात, एक गार पाण्यात ठेव आणि मग दोन्ही कोमट बादलीत घाल, एकच पाणी एका हाताला गार आणि दुसऱ्याला गरम लागेल, इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने 17व्या शतकातच हे लिहून ठेवलंय. वाळ्याच्या ताट्यांचा वासही तसाच दहा मिनिटांत विरतो. पण आता जुलैत कूलर गार करत नाही असं वाटत असेल तर तिथे तुझं बरोबर आहे, हवेतच ओल असली की पाणी उडत नाही, नुसता चिकचिकाट.